कन्सल्टंटचं मीटर थांबतं कधी?

कडक इस्त्रीचे कपडे, विमानाचा प्रवास, पंचतारांकित हॉटेलातला मुक्काम आणि डोळे दिपवणारा पगार... मोठ्या सल्लागार कंपनीतल्या नोकरीचं हे चित्र सगळ्यांच्याच ओळखीचं आहे. पण आत काम करणाऱ्यांच्या वाट्याला काय येतं? रात्रंदिवस हजर राहणं ही त्या कामाची गरज आहे, की कुणीतरी पाडलेली आणि कुणीच न मोडलेली रीत?

‘‘मुलगा काय करतो?’’

‘‘कन्सल्टिंगमध्ये आहे.’’

लग्नाच्या बैठकीत एवढं उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पगाराचा आकडा कानावर पडला की उरलेसुरलेही गप्प होतात. खरं तर मुलगा नेमकं काय करतो, हे त्याच्या आईलाही धड सांगता येत नाही. सोमवारी पहाटे तो विमानाने जमशेदपूरला जातो, गुरुवारी रात्री परततो. घरी असला तरी लॅपटॉपपुढे. जेवणाचं ताट वाढलं की फोन वाजतो आणि आमटी गार होते.

या मंडळींचं काम म्हणजे दुसऱ्याच्या धंद्याला सल्ला देणं. कारखान्याचा खर्च का वाढतोय, बँकेने नव्या शाखा कुठे काढाव्यात, दोन कंपन्या एकत्र आल्या तर माणसांची मांडणी कशी करायची, असले प्रश्न मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारी खातीसुद्धा बाहेरच्या तज्ज्ञांकडे सोपवतात. या धंद्यातलं एक जुनं नाव म्हणजे मॅकिन्झी. जेम्स मॅकिन्झी या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाने १९२६ साली शिकागोत ती सुरू केली. १९६३ मध्ये बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप आला, १९७३ मध्ये बेन. डेलॉइट, प्राइसवॉटरहाउसकूपर्स, अर्न्स्ट अँड यंग आणि केपीएमजी या मूळच्या हिशेबतपासनीस कंपन्यांनीही सल्ल्याचा मोठा व्यवसाय उभारला. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर या धंद्याने भारतातही चांगलंच मूळ धरलं आणि मुंबई, दिल्ली, बंगळुरूमध्ये त्यांची ऑफिसं थाटली गेली. बिझनेस स्कूलच्या कॅम्पसवर आज त्यांच्या मुलाखतींसाठी मुलांची झुंबड उडते.

वर चढा, नाहीतर बाहेर पडा!

या नोकरीतला ताण समजून घ्यायचा तर आधी तिचा हिशेब समजून घ्यावा लागतो. कारखाना वस्तू विकतो, सल्लागार कंपनी माणसांचा वेळ विकते. रिक्षाचं मीटर जसं पडतं, तसंच कन्सल्टंटचंही. कोणत्या ग्राहकासाठी किती वेळ दिला याची नोंद ठेवली जाते. माणूस रिकामा बसला, तिथल्या भाषेत ‘बेंचवर’ असला, की पगार चालू आणि कमाई बंद. त्यामुळे मीटर सतत पडलेलं असावं, अशी कंपनीची इच्छा असते आणि कर्मचाऱ्याला धास्ती असते ती मीटर थांबण्याची.

दुसरी गोष्ट म्हणजे इथली उतरंड. सगळ्यात वर मोजके पार्टनर, म्हणजे भागीदार. ते कामं मिळवतात. त्यांच्याखाली मॅनेजर आणि तळाशी कॉलेजातून नुकतीच आलेली तरुण मुलं. आकडे गोळा करणं, तक्ते बनवणं, रात्री जागून सकाळच्या बैठकीची स्लाइड तयार करणं, हे सगळं तळाच्या मुलांचं काम. वरच्या जागा थोड्या आणि खाली गर्दी फार. म्हणून ‘अप ऑर आउट’ हा नियम. ठरावीक वर्षांत वरच्या पायरीवर गेलात तर ठीक, नाहीतर सन्मानाने बाहेर पडायचं. वकिलांच्या फर्ममधून आलेली ही पद्धत मॅकिन्झीने १९५० च्या दशकात स्वीकारली. तिची घडी बसवली ती मार्व्हिन बोवर या वकिलाने. ते १९३३ साली कंपनीत आले होते आणि १९५० ते १९६७ या काळात त्यांनी तिची धुरा सांभाळली.

या बोवरसाहेबांची शिस्त मोठी कडक. गडद सूट, लांब मोजे आणि डोक्यावर हॅट हा पुरुषांचा पोशाखच ठरलेला. १९६० च्या दशकात एके दिवशी बोवर स्वतःच बिनहॅटचे ऑफिसात आले. मग आपणही हॅट सोडावी का, असा प्रश्न सगळ्यांना पडला. तेव्हा एक जण म्हणाला म्हणे, सहा आठवडे थांबू या, साहेबांनी सापळा लावलेला असायचा! किस्सा हसण्याजोगा आहे, पण त्यात मोठी गोमही आहे. अशा ठिकाणी बरेचसे नियम कागदावर नसतात. वरचा माणूस काय करतो, कोणाला बढती मिळते, कोणाचं नाव गळतं, हे बघून खालचे आपापले नियम ठरवतात. साहेबाने रात्री बारा वाजता मेल पाठवला तर त्याने उत्तर मागितलेलं नसलं तरी पाच मिनिटांत उत्तर जातं.

एकतर्फी बोलूनही चालणार नाही. तिथे काम केलेली कितीतरी माणसं कृतज्ञतेने सांगतात की, दुसरीकडे दहा वर्षांत जे शिकलो नसतो ते तीन वर्षांत शिकलो. पंचविशीतल्या मुलाला मोठ्या कंपनीच्या संचालकांपुढे उभं राहायची संधी दुसरीकडे सहज मिळत नाही. मॅकिन्झीत तर मतभेद असेल तो बोलून दाखवणं हे नवख्याचंही कर्तव्य मानलं जातं. पण ग्राहकाच्या प्रश्नावर बेधडक मतभेद मांडणारा हाच तरुण ‘आज माझ्या मुलीचा वाढदिवस आहे, मी सहाला निघतो’ एवढं वाक्य बोलायला कचरतो.

ॲन हॉपकिन्सची लढाई

हे न लिहिलेले नियम किती खोल रुजलेले असतात, ते अमेरिकेत एका बाईने थेट सर्वोच्च न्यायालयात दाखवून दिलं. तिचं नाव ॲन हॉपकिन्स. तीन मुलांची आई. १९७८ मध्ये ती प्राइस वॉटरहाउसच्या वॉशिंग्टनमधल्या सरकारी कामांच्या विभागात सल्लागार म्हणून लागली. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं सुमारे अडीच कोटी डॉलरचं काम मिळवण्यात तिचा मोठा वाटा होता. १९८२ मध्ये पार्टनरपदासाठी ८८ जणांची नावं पुढे आली. त्यात बाई एकच, ॲन! मोठी कामं मिळवण्याच्या बाबतीत तिच्या तोडीचा दुसरा उमेदवार नव्हता, असं पुढे न्यायालयाने नमूद केलं. त्या वेळी कंपनीत ६६२ पार्टनर होते आणि त्यात स्त्रिया होत्या फक्त सात.

ॲनचं नाव मात्र लांबणीवर टाकलं गेलं. ती फार कडक बोलते, हाताखालच्यांना सांभाळून घेत नाही, अशी काहींची तक्रार होती. तिच्या स्वभावाबद्दल मतभेद असूही शकतात. पण पार्टनरांच्या लेखी शेऱ्यांत आणखीही काही होतं. ती ‘पुरुषी’ आहे, तिने आधी वागण्याबोलण्याचे धडे घ्यावेत, असंही कुणी लिहिलं होतं. आणि तिच्याच बाजूच्या एका पार्टनरने तिला सल्ला काय द्यावा? चालणं-बोलणं जरा बायकी ठेव, मेकअप कर, केस नीट कापून घे, दागिने घाल!

पुढच्या वर्षी तिचं नाव सुचवलंच गेलं नाही. १९८४ च्या सुरुवातीला तिने नोकरी सोडली आणि कोर्टाची पायरी चढली. १ मे १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, बाईने कसं वागावं याच्या ठरीव कल्पनांवरून तिची बढती अडवणं हाही भेदभावच आहे. १९९० मध्ये तिला पार्टनर करण्याचा आदेश निघाला. १९९१ मध्ये ॲन त्याच कंपनीत पार्टनर म्हणून परतली आणि २००२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. २०१८ मध्ये तिचं निधन झालं. पण नोकरीतल्या स्त्री-पुरुष भेदभावाच्या खटल्यांत तिच्या निकालाचा आधार अजूनही घेतला जातो.

बायका घरी गेल्याच नव्हत्या

ॲनचा निकाल लागला त्याच सुमाराला डेलॉइट अँड टूश ही कंपनी वेगळ्याच कोड्यात पडली होती. १९८० पासून तिच्या भरतीत जवळपास निम्म्या मुली असत. पण १९९१ मध्ये पार्टनरपदासाठी पुढे आलेल्या ५० नावांत मुली होत्या चार. मधल्या मधे बाकीच्या गेल्या कुठे? साहेबलोकांनी उत्तर ठरवूनच टाकलं होतं. लग्न झालं, मूल झालं, घरी बसल्या!

कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष माइक कुक यांनी मात्र याचा छडा लावायचं ठरवलं. नोकरी सोडून गेलेल्या बायकांनाच विचारलं तेव्हा सगळे चकित झाले. ७० टक्क्यांहून जास्त जणी वर्षभराच्या आतच दुसरीकडे पूर्ण वेळ नोकरी करत होत्या. सुमारे २० टक्के अर्धवेळ काम करत होत्या. लहान मुलांसाठी घरी थांबलेल्यांचं प्रमाण १० टक्क्यांपेक्षाही कमी निघालं. म्हणजे त्यांनी नोकरी नव्हे, ‘ही’ नोकरी सोडली होती. चांगली कामं पुरुषांना मिळतात, मार्गदर्शन करणारा वरिष्ठ पुरुषांनाच लाभतो, आणि कामाचे तास माणसासारखं जगू देत नाहीत, अशी त्यांची गाऱ्हाणी होती. गंमत म्हणजे या तासांबद्दल तरुण पुरुषही तितकेच नाराज होते. फक्त ते बोलत नव्हते.

मग कंपनीने प्रवासाचा नियम बदलला. पूर्वी आठवड्याचे पाचही दिवस ग्राहकाकडे मुक्काम असे. त्याऐवजी ‘३-४-५’ची पद्धत आली. तीन रात्री घराबाहेर, चार दिवस ग्राहकाकडे आणि पाचवा दिवस आपल्या गावच्या ऑफिसात. ग्राहक नाराज होतील ही भीती होती, पण तसं काही घडलं नाही. पार्टनरांमध्ये स्त्रियांचं प्रमाण २००० सालापर्यंत ५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेलं.

आठवड्यातली एक संध्याकाळ

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापिका लेस्ली पर्लो यांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये केलेला प्रयोग तर प्रत्येक नोकरदाराच्या घरात सांगावा असा आहे. त्यांनी आधी सल्ला-सेवा क्षेत्रातल्या हजार जणांची पाहणी केली. ९४ टक्के लोक आठवड्याला ५० तासांपेक्षा जास्त काम करत होते. जवळपास निम्म्यांचे तास ६५ च्या वर होते. शिवाय ऑफिसबाहेर फोनवर डोळा ठेवण्यात जाणारे आठवड्याचे वीस-पंचवीस तास वेगळेच.

यावर पर्लोबाईंनी सुचवलेला उपाय ऐकायला अगदी साधा होता. टीममधल्या प्रत्येकाने आठवड्यातून एक संध्याकाळ, सहानंतर, पूर्ण सुटी घ्यायची. काम नाही, मेल नाही, फोन नाही. कोणाची संध्याकाळ कोणती हे आधीच ठरवायचं आणि ती घ्यायचीच! मनात आलं तर घ्या, असं नाही.

एवढ्याशा गोष्टीला केवढा विरोध झाला! ग्राहक काय म्हणेल? काम अर्धवट राहिलं तर? मी संध्याकाळी नसलो तर साहेबाला मी आळशी वाटेन का? पण प्रयोग सुरू झाला आणि भलतंच घडलं. एकाची सुटी असेल त्या दिवशी त्याचं काम दुसऱ्याला ठाऊक असणं भाग होतं. त्यामुळे माणसं एकमेकांशी बोलायला लागली. कुठलं काम खरंच गरजेचं आणि कुठलं उगाच, हे आधी ठरू लागलं. दर आठवड्याच्या बैठकीत चार गोष्टी विचारल्या जात. तुला कसं वाटतंय? ग्राहकाला आपण कितपत उपयोगी पडतोय? तुला काही शिकायला मिळतंय का? आणि असंच काम चाललं तर तुला झेपेल का?

परिणाम आकड्यांतच दिसला. नोकरीबद्दल समाधानी असलेल्यांचं प्रमाण प्रयोग केलेल्या टीममध्ये ७२ टक्के होतं, इतर टीममध्ये ४९ टक्के. सकाळी उत्साहाने कामाला लागणारे एकीकडे ५१ टक्के, तर दुसरीकडे २७. ग्राहकांच्या कामाची प्रतही घसरली नाही. २०१२ मध्ये पर्लो यांचं पुस्तक आलं, तोवर ३० देशांतल्या ९०० हून जास्त टीमनी ही पद्धत वापरून पाहिली होती.

८० तासांचं सोंग

पण सगळ्यांनाच अशी ठरवून दिलेली संध्याकाळ मिळत नाही. मग माणसं काय करतात? तेव्हा बॉस्टन विद्यापीठात शिकवणाऱ्या एरिन रीड यांनी एका मोठ्या सल्लागार कंपनीतल्या शंभराहून अधिक लोकांशी बोलून हे शोधलं आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं. काही जण खरोखरच जीव ओतून आठवड्याला ८० तासांच्या घरात काम करत होते. काही जणांनी उघडपणे कमी तास, कमी प्रवास मागितला होता. आणि तिसरे? ते बिनबोभाट कमी काम करत होते, पण दिसायला मात्र सदैव कामात!

त्यांच्या युक्त्याही बघण्याजोग्या. जवळपासचेच ग्राहक मिळवायचे म्हणजे प्रवास वाचतो. बैठका फोनवर उरकायच्या. सहकाऱ्यांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं. एका गृहस्थाने तर आठवडाभर मुलाबरोबर बर्फावर स्कीइंग केलं. सकाळ-संध्याकाळ तेवढे ऑफिसचे फोन घेतले आणि कुणाला पत्ताही लागू दिला नाही. असं सोंग वठवणारे पुरुषांमध्ये ३१ टक्के होते, बायकांमध्ये ११ टक्के. आणि साहेबांच्या नजरेत त्यांची किंमत ८० तास राबणाऱ्यांइतकीच होती! फटका बसला तो सरळपणे रजा मागणाऱ्यांना. मूल झालं म्हणून रजा घेणारा बाप असो किंवा कमी तास मागणारी आई असो, त्यांचे शेरे घसरले. थोडक्यात, खरं बोलणारा मागे पडला आणि गप्प राहून निभावणारा पुढे गेला. काम मात्र दोघांचंही नीट झालं होतं.

पुण्यातलं एक पत्र

हे सगळं दूर अमेरिकेतलं, असं म्हणून सोडून देता येणार नाही. हिशेबतपासणी आणि सल्ला या दोन्ही क्षेत्रांत मोठं नाव असलेल्या एका कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात काम करणारी २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट जुलै २०२४ मध्ये दगावली. नोकरीला लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. मुलीवर कामाचा असह्य बोजा होता, रात्री-अपरात्री आणि सुटीच्या दिवशीही काम होतं, आणि तिच्या अंत्यविधीला ऑफिसातलं कुणीही आलं नाही, असं त्या माउलीने लिहिलं होतं. मृत्यूचं कारण कामाचा ताण असल्याचं कंपनीने नाकारलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली, सरकारनेही चौकशी हाती घेतली.

एका मृत्यूचं नेमकं कारण सांगणं डॉक्टरांचं काम आहे. पण जास्त तासांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे आता गुपित राहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो आणि हृदयविकाराने मरण येण्याचा धोका १७ टक्क्यांनी. २०१६ या एका वर्षात जगभरात अशा कामामुळे सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं दगावली, असा त्यांचा अंदाज आहे.

कायदा मदतीला येतो का? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण व्यवस्थापक, देखरेखीची पदं यांना त्यातून सूट आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला. तशाच हक्काचं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. ते काही मंजूर झालं नाही.

घरच्यांनी काय करावं?

अशी नोकरी करूच नये, असं कुणी म्हणणार नाही. शिकायला मिळतं, पैसा मिळतो, पुढच्या वाटा मोकळ्या होतात. पण पेढे वाटण्याआधी थोडी चौकशी करायला हरकत नाही. कोणत्या टीममध्ये जायचंय, तिथली माणसं किती दिवस टिकतात, आधीच्या मुलाने नोकरी का सोडली, हे तिथे काम केलेल्याला सरळ विचारावं. कंपनीच्या नावापेक्षा रोजचा मॅनेजर कसा आहे यावरच माणसाचे दिवस अवलंबून असतात. पहिली दोन-तीन वर्षं कशासाठी द्यायची आणि कुठे थांबायचं, हेही आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

नोकरी सुरू झाल्यावर घरच्यांची जबाबदारी वाढते. ‘‘एवढा पगार मिळतोय, मग थोडा त्रास होणारच,’’ हे वाक्य आईवडिलांनी शक्यतो गिळून टाकावं. घरापासून दूर राहणारं मूल त्यानंतर मन मोकळं करत नाही. झोप उडाली, जेवण सुटलं, छातीत दुखतंय, चिडचिड वाढली किंवा सगळ्यातूनच मन उडालं, तर ‘कामाचं टेन्शन’ म्हणून दुर्लक्ष न करता आधी डॉक्टर गाठावा. मन फारच खचलं असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.

आणि पर्लोबाईंच्या टीममधला शेवटचा प्रश्न घरातही विचारता येईल. रविवारी फोनवर जेवलास का, पैसे पाठवलेस का, हे विचारून झालं की आणखी एकदा विचारावं : ‘‘असंच काम चाललं तर तुला झेपेल का रे?’’ उत्तर ‘नाही’ असं आलं, तर नोकरी सोडून घरी येण्याची मोकळीक आहे, हे त्याला त्याच फोनवर सांगून टाकावं.